कमी वीज खाणारा प्रोसेसर : पारखावा कसा?

रावेर-यावलकडचा केळीचा बागायतदार विहिरीवर पंप बसवतो, तेव्हा ‘किती अश्वशक्तीचा?’ एवढे विचारून थांबत नाही. विहीर किती खोल आहे, पाणी किती चढवायचे आहे, तासाला किती पाणी पडेल आणि तेवढ्या पाण्याला किती युनिट जळतील, हे तो आधी पाहतो. विजेची पाळी आठ तासांची असेल, तर त्या आठ तासांत बाग भिजली पाहिजे, हा त्याचा खरा हिशेब असतो. हाच बागायतदार मुलीसाठी लॅपटॉप घ्यायला जळगावच्या किंवा धुळ्याच्या बाजारात येतो, तेव्हा मात्र हिशेब दुकानदाराच्या हातात जातो. दुकानदार म्हणतो, “हा घ्या, साडेचार गिगाहर्ट्‌झचा!” किंवा “हा घ्या, फक्त सहा वॅटचा, वीज खातच नाही!” दोन्ही आकडे खरे असू शकतात. पण त्यांपैकी कोणत्याही एकावरून निर्णय करता येत नाही.

लॅपटॉप ही घरात पाच-सहा वर्षे टिकवायची वस्तू. तिच्यासाठी कित्येक घरांत कापसाच्या हंगामातले पैसे बाजूला काढलेले असतात. तेव्हा पंपाला लावतो तोच हिशेब प्रोसेसरला कसा लावायचा, ते आज आपण पाहू. दहावीपर्यंतचे भौतिकशास्त्र त्याला पुरते.

प्रथम शक्ती आणि ऊर्जा यांतील फरक पुन्हा आठवा. वॅट हे ऊर्जा खर्च होण्याच्या वेगाचे एकक आहे. एका सेकंदाला एक ज्यूल म्हणजे एक वॅट. आता समजा, एकच काम दोन यंत्रांना दिले. पहिले यंत्र २० वॅट घेते आणि ३० सेकंदांत काम संपवते. खर्च झाले ६०० ज्यूल. दुसरे यंत्र १० वॅटच घेते, पण त्याला ९० सेकंद लागतात. खर्च ९०० ज्यूल. वॅट निम्मे, आणि ऊर्जा दीडपट! म्हणून ‘कमी वॅटचा’ आणि ‘कमी ऊर्जेत काम करणारा’ हे दोन वेगळे गुण आहेत. आपल्याला हवा आहे तो दुसरा.

प्रोसेसरमध्ये ऊर्जा खर्च होते तरी कुठे? त्यात चाक नाही, दट्ट्या नाही, काही हलत नाही. पण त्यात कोट्यवधी सूक्ष्म स्विच असतात, त्यांना ट्रान्झिस्टर म्हणतात. प्रत्येक स्विच चालू-बंद होताना विद्युतभाराचा एक अतिसूक्ष्म साठा भरावा आणि रिकामा करावा लागतो. हा साठा म्हणजे एक धारित्र. शेतातल्या उदाहरणाने हे चटकन समजेल.

उंचावर एक मोठी टाकी आहे असे समजा. तिच्यातील पाण्याची पातळी पंपाने सतत एकाच उंचीवर राखलेली आहे. शेजारी जमिनीवर एक उभा, अरुंद हौद आहे आणि तो नळीने टाकीला जोडलेला आहे. कोक उघडला की हौदात पाणी चढते आणि टाकीच्या पातळीला येऊन थांबते. मग तो कोक बंद करून हौदाच्या तळाचा कोक उघडला की सारे पाणी जमिनीवर वाहून जाते. आता टाकी दुप्पट उंच केली तर काय होईल? हौदात पाणी दुप्पट मावेल, कारण ते दुप्पट उंचीपर्यंत चढेल. शिवाय त्यातला प्रत्येक लिटर पंपाने दुप्पट उंच चढवलेला असेल. म्हणजे एका भरणीची ऊर्जा दोन गुणिले दोन, चौपट झाली. या ऊर्जेपैकी निम्मी हौद भरतानाच घर्षणात जाते आणि उरलेली निम्मी हौद रिकामा करताना जाते. हाती काही उरत नाही.

प्रोसेसरमध्ये टाकीची उंची म्हणजे व्होल्टता, हौदाचा आकार म्हणजे धारकता, आणि दर सेकंदाला हौद किती वेळा भरला-रिकामा केला ती वारंवारता. म्हणून प्रोसेसरची शक्ती ही धारकता × व्होल्टता × व्होल्टता × वारंवारता या गुणाकाराच्या प्रमाणात असते. या सूत्रात व्होल्टता दोनदा येते, हे लक्षात ठेवा. १.२ व्होल्टवरून ०.९ व्होल्टवर आलो, तर व्होल्टता पाऊणपट होते. पण एका भरणीचा खर्च ०.५६ पट, म्हणजे जवळजवळ निम्मा होतो.

मग व्होल्टता अगदी कमी का ठेवत नाहीत? कारण टाकी खाली आणली की नळीतून पाणी हळू येते. हौद भरायला वेळ लागतो आणि घड्याळाचे ठोके कमी करावे लागतात. जास्त गिगाहर्ट्‌झ हवे असतील तर टाकी उंच करा, आणि उंचीचा दंड वर्गाने भरा, असा हा सौदा आहे. साडेचार गिगाहर्ट्‌झच्या जाहिरातीमागची किंमत ही आहे.

संगणक-उद्योगाने ही किंमत एकदा जाहीरपणे मोजली आहे. इंटेल कंपनीची पेंटियम ४ ही चिप २००० साली दीड गिगाहर्ट्‌झच्या आसपास सुरू झाली. ठोके वाढवत वाढवत २००४ साली ती ३.८ गिगाहर्ट्‌झला पोचली, आणि तिची उष्णता ११५ वॅटच्या घरात गेली. चार गिगाहर्ट्‌झची चिप काढण्याचा बेत कंपनीने त्याच वर्षी सोडून दिला. त्याच्या आदल्या वर्षी, २००३ मध्ये, तिच्याच इस्राएलमधील तुकडीने लॅपटॉपसाठी पेंटियम एम काढली होती. ठोके १.६ गिगाहर्ट्‌झ, उष्णता २५ वॅटहून थोडी कमी, आणि तरीही रोजच्या कामात ती कितीतरी जास्त ठोक्यांच्या पेंटियम ४ शी बरोबरी करी. कारण ती एका ठोक्यात जास्त काम करीत असे. पुढची रचना कंपनीने हिच्याच वाटेने केली.

दुसरी गोष्ट याहून जुनी आणि गमतीची आहे. इंग्लंडमधील केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी आखलेली एआरएम ही चिप एप्रिल १९८५ मध्ये तयार होऊन आली. चिप स्वस्त प्लास्टिकच्या वेष्टनात बसवायची होती, म्हणून ती एका वॅटच्या आत राहावी एवढीच त्यांची अपेक्षा. पहिली चिप चालू झाली, आणि फर्बर यांनी तिची विद्युतधारा मोजली तर ॲमीटर शून्य दाखवू लागला! चिप तर बिनचूक काम करीत होती. शोध घेतल्यावर कळले की चाचणीच्या पाटीवर विजेची मुख्य जोडणीच झालेली नव्हती. संकेतांच्या तारांवरून संरक्षक डायोडमधून जी वीज आत झिरपत होती, तिच्यावरच चिपचे भागत होते. या चिपमध्ये सुमारे २५,००० ट्रान्झिस्टर होते. मोबाइल फोनमधील प्रोसेसर याच घराण्यातले. २०२० साली ॲपलने लॅपटॉपमध्ये आणलेली एम१ ही चिपही त्याच आज्ञासंचावर चालते. तिच्यात १,६०० कोटी ट्रान्झिस्टर आहेत.

आता तुम्ही म्हणाल, ‘व्होल्टता आणि ठोके कमी केले की ऊर्जा वाचते, तर मग सर्वांत मंद प्रोसेसर सर्वांत चांगला!’ इथेच पुष्कळांची फसगत होते. पुढील गणित वहीत करून पाहा.

समजा, एका कामाला ६,००० कोटी ठोके लागतात. ३ गिगाहर्ट्‌झ म्हणजे सेकंदाला ३०० कोटी ठोके, तेव्हा काम २० सेकंदांत होईल. या वेळी व्होल्टता १.२ आणि प्रोसेसरची शक्ती २४ वॅट धरू. ऊर्जा झाली ४८० ज्यूल. आता दीड गिगाहर्ट्‌झवर या. व्होल्टता ०.९ पुरेल. शक्ती २४ × ०.५ × ०.५६ म्हणजे सुमारे ६.७५ वॅट. वेळ ४० सेकंद, ऊर्जा २७० ज्यूल. छान बचत झाली. आणखी खाली, पाऊण गिगाहर्ट्‌झवर गेलो, तर व्होल्टता फारशी उतरवता येत नाही, कारण ठरावीक मर्यादेखाली स्विच भरवशाने चालत नाहीत. ती ०.८ धरू. शक्ती सुमारे २.६७ वॅट, वेळ ८० सेकंद, ऊर्जा २१३ ज्यूल.

पण लॅपटॉप म्हणजे केवळ प्रोसेसर नव्हे. पडदा, स्मृती, वायफाय, चकती हे सारे काम संपेपर्यंत जागे असतात. त्यांचे मिळून ६ वॅट धरा, आणि काम संपताच यंत्र झोपी जाते असे माना. पहिल्या वेगात एकूण ४८० + १२० = ६०० ज्यूल, दुसऱ्यात २७० + २४० = ५१०, आणि तिसऱ्यात २१३ + ४८० = ६९३ ज्यूल. सर्वांत मंद वेगच सर्वांत खर्चिक ठरला! मजूर कमी पगारावर ठेवला, पण विहिरीचे काम महिनाभर लांबले आणि मुकादमाचा पगार अंगावर पडला, असेच हे झाले.

या गणितात गळती धरलेली नाही. बंद स्विचमधूनही थोडी धारा पाझरत असते, जुना नळ बंद करूनही ठिबकतो तशी. काम लांबले की गळतीही तितका जास्त वेळ चालते, आणि चिप जितकी तापेल तितकी गळती वाढते. हा तापण्याचा मुद्दा खानदेशात महत्त्वाचा आहे, त्याच्याकडे पुढे येऊ.

आधी ‘रोजचा वापर’ म्हणजे काय ते ठरवू. शाळकरी मुलाचा वा शिक्षकाचा लॅपटॉप काय करतो? लेख टंकतो, गुणतक्ते भरतो, शिष्यवृत्तीचे अर्ज भरतो, धडे पाहतो. तुम्ही एक अक्षर टंकता आणि दुसरे टंकता, त्या दरम्यान प्रोसेसरचे कित्येक कोटी ठोके रिकामे जातात. म्हणून रोजच्या वापरात प्रोसेसर काम करताना किती खातो यापेक्षा रिकामा बसल्यावर किती खातो, हे जास्त मोलाचे आहे. चांगल्या प्रोसेसरची परीक्षा त्याच्या झोपेत आहे. न लागणारे भाग तो क्षणात बंद करतो आणि लागताच क्षणात उठवतो. हल्लीच्या अनेक चिपांत मोठी आणि लहान अशी दोन प्रकारची गाभा-केंद्रे असतात. एम१ मध्ये चार मोठी व चार लहान आहेत. चाऱ्याची पेंढी आणायला कोणी ट्रॅक्टर काढत नाही, तसे किरकोळ काम लहान केंद्रांकडे जाते. इंटेलने २०२३ च्या आरंभी काढलेल्या एन१०० या स्वस्त चिपमध्ये तर चारही केंद्रे लहानच आहेत, आणि तिच्यावर ६ वॅटचा आकडा आहे. लेखन, वाचन, धडे पाहणे यांसाठी ती पुरते, असे माझे मत आहे. चित्रफितींचे संपादन किंवा मोठे आराखडे काढणे तिच्याकडून धीराने करून घ्यावे लागेल.

चित्रफीत पाहणे हे काम मात्र वेगळे आहे. दाबून बारीक केलेली चित्रफीत उलगडण्यासाठी चिपमध्ये स्वतंत्र विभाग असतो आणि तो थोड्या विजेत हे काम करतो. चित्रफीत नव्या पद्धतीने दाबलेली असेल आणि चिप जुनी असेल, तर तो विभाग निरुपयोगी ठरतो आणि सारा भार मुख्य केंद्रांवर येतो. स्वस्तात मिळालेला जुना, ‘दणकट’ प्रोसेसर साधा धडा पाहताना पंखा घोंगावत का ठेवतो, याचे पुष्कळदा हेच कारण असते.

आता त्या डब्यावरच्या वॅटविषयी. ६ वॅट, १५ वॅट, ४५ वॅट असे जे लिहिलेले असते, तो विजेच्या खपाचा आकडा नव्हे. दीर्घकाळ काम करताना चिपमधून किती उष्णता बाहेर काढण्याची सोय करावी, यासाठी लॅपटॉप बनवणाऱ्याला दिलेली ती सूचना आहे. १५ वॅटची चिप काही सेकंदांच्या जोरात ३०-४० वॅटही घेऊ शकते, आणि रिकामी असताना एका वॅटच्याही खाली येते. त्यामुळे एकच चिप दोन वेगवेगळ्या लॅपटॉपमध्ये वेगवेगळी वागते. जाड लॅपटॉपमध्ये मोठा पंखा असतो, पातळात नसतो.

आणि आता आपल्या मे महिन्याकडे या. जळगाव, भुसावळ, धुळे या भागांत पारा ४४-४५ अंशांना टेकणे नवलाचे नाही. उष्णता बाहेर पडण्याचा वेग चिप आणि हवा यांच्या तापमानांतील फरकाच्या प्रमाणात असतो. चिपची सुरक्षित मर्यादा १०० अंश सेल्सिअस धरा. २५ अंशांच्या वातानुकूलित खोलीत फरक ७५ अंशांचा, तर पत्र्याच्या छपराखाली ४५ अंशांत तो ५५ अंशांचा. ५५ भागिले ७५ म्हणजे सुमारे ०.७३. जो लॅपटॉप त्या खोलीत सतत १५ वॅट उष्णता बाहेर टाकत होता, तोच आपल्याकडे ११ वॅटच टाकू शकेल. मर्यादा गाठली की चिप स्वतःच ठोके कमी करते आणि यंत्र रेंगाळते. पंख्याच्या जाळीत जिनिंगच्या मोसमात उडणारी सरकीची फुसी आणि धूळ बसली, किंवा लॅपटॉप गोधडीवर ठेवला, तर आणखी वाईट. म्हणून थंड प्रयोगशाळेत काढलेले गुणांकन आपल्या दुपारी जसेच्या तसे लागू पडत नाही. कमी ऊर्जेत काम करणारी चिप आपल्याकडे पुण्या-मुंबईपेक्षा जास्त कामाची आहे, ती यामुळे. मुळात उष्णता थोडी, तर ती बाहेर टाकण्याची चिंताही थोडी.

एवढे वाचून ‘हे मोजायचे कशाने?’ असा प्रश्न पडला असेल. मापक तुमच्या घरीच आहे. विजेच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लहान लाल दिवा लुकलुकत असतो, आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो तो आकडा मीटरवर छापलेला असतो. तो ३२०० आहे असे समजू. तुमच्या मीटरवर वेगळा असेल तर तो घ्या. एक युनिट म्हणजे ३६,००,००० ज्यूल. भागाकार करा : एका लुकलुकीला १,१२५ ज्यूल.

घरातले बाकी सारे बंद करा, फ्रीज आणि टीव्हीचा बारीक दिवासुद्धा. लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरलेली असू द्या. नाही तर बॅटरी भरण्याची वीजही मोजली जाईल. पडद्याची उजळणी निम्मी ठेवा. दोन लॅपटॉपची तुलना करायची तर दोन्हींची उजळणी डोळ्यांना सारखी दिसेल अशी लावा, कारण हलक्या कामात पडदा प्रोसेसरपेक्षा जास्त वीज खाऊ शकतो. लुकलुकी नुसत्या मोजू नका, त्यांच्यामधला वेळ मोजा. पंधरा मिनिटांत आठ लुकलुकी मोजल्या आणि एक इकडेतिकडे झाली, तर चूक बारा टक्क्यांची होते. एका लुकलुकीला घड्याळ सुरू करून त्यानंतरच्या दहाव्या लुकलुकीला थांबवलेत, तर ही चूक जवळजवळ नाहीशी होते. दहा अंतरांना १८ मिनिटे ४५ सेकंद लागले, तर ११,२५० ज्यूल भागिले १,१२५ सेकंद, म्हणजे बरोबर १० वॅट. मीटर लांब असेल तर फोनने त्याची चित्रफीत घ्या. मीटरच्या पेटीला आणि तारांना मात्र हात लावायचा नाही.

हे माप तीन कामांना घ्या. लेख उघडा ठेवून यंत्र रिकामे असताना. एक ठरावीक चित्रफीत चालू असताना. आणि एखादे जड काम, उदाहरणार्थ हजार छायाचित्रांचे एक गाठोडे दाबून बांधणे, चालू असताना. जड कामाचा वेळही टिपा, कारण तिथे वॅट नव्हे, एकूण ज्यूल पाहायचे आहेत. मग तेच जड काम सकाळी सहाला आणि दुपारी दोनला करून बघा. दुपारी वेळ किती वाढला, हे तुमच्या गावाचे खरे गुणांकन.

दुकानात मीटर पाहू देणार नाहीत. तिथे बॅटरीने मोजा. बॅटरीची क्षमता वॅट-तासांत लिहिलेली असते. ४२ वॅट-तासांची नवी बॅटरी एका तासात १०० वरून ७५ टक्क्यांवर आली, तर साडेदहा वॅट-तास गेले, म्हणजे सरासरी साडेदहा वॅट.

हे सारे करून फायदा काय? वीजबिलातला फायदा फार नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. ४० वॅटच्या जुन्या लॅपटॉपऐवजी १२ वॅटचा नवा घेतला आणि तो रोज पाच तास, वर्षाला ३०० दिवस वापरला, तर ४२ युनिट वाचतील. आठ रुपये दर धरला तर वर्षाला ३३६ रुपये. या बचतीसाठी दहा हजार जास्त मोजायला सांगणारा विक्रेता गणितात कच्चा आहे, किंवा तुम्हाला कच्चे समजतो आहे. दीपनगरसारख्या औष्णिक केंद्रात तेवढ्या विजेला पंचवीस-तीस किलो कोळसा लागतो. तो वाचला तर चांगलेच, पण तोही एका लॅपटॉपमागे थोडाच आहे.

फायदा दिसतो तो वीज गेल्यावर. एखाद्या शाळेत दहा लॅपटॉप आहेत, उन्हाने त्यांच्या बॅटऱ्या म्हाताऱ्या झाल्या आहेत आणि सारे इन्व्हर्टरवर चालते. इन्व्हर्टरची बॅटरी १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तास, म्हणजे १,८०० वॅट-तास. शिशाची बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवली तर लवकर खराब होते, म्हणून ९०० धरा. इन्व्हर्टरमधील तूट वजा जाता ७२० उरतील. ४० वॅटचे दहा लॅपटॉप त्यावर एक तास ४८ मिनिटे चालतील. १२ वॅटचे दहा, सहा तास. वीज तीन तास गेली, तर पहिल्या शाळेतल्या मुलांचा तास मध्येच तुटेल आणि दुसरीतल्या मुलांना वीज गेल्याचे कळणारही नाही. बागायतदाराच्या आठ तासांच्या पाळीसारखाच हा हिशेब आहे.

जाता जाता एक उदाहरण. वरच्या तीन वेगांच्या गणितात लॅपटॉपच्या बाकी भागांचे ६ वॅट धरले होते. ते कमी करत नेले, तर किती वॅटला दीड आणि पाऊण गिगाहर्ट्‌झ हे दोन्ही वेग सारख्याच खर्चात काम करतील? (उत्तर : सुमारे १.४ वॅट.)